फी नेमकी कशाची भरायची?

आयटीचा कोर्स शोधायला निघालेला माणूस सगळ्यात आधी सिलॅबस उघडतो. किती विषय, किती तासांचे व्हिडिओ, किती ‘लाइव्ह प्रोजेक्ट’, शेवटी कोणतं सर्टिफिकेट. मग दोन-तीन कोर्सच्या याद्या समोरासमोर ठेवायच्या आणि ज्याची यादी लांब तो चांगला असं ठरवायचं. माझ्या मते या पद्धतीने कोर्स निवडणं जवळजवळ चिठ्ठी टाकण्यासारखं आहे, कारण त्या यादीतली बहुतेक कोणतीही गोष्ट आज विकत घ्यावीच लागत नाही.

एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. २०११ मध्ये सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स इंटरनेटवर फुकट चालवला, तेव्हा १ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन कोर्सचे मंच सुरू झाले. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, पोस्टग्रेस हा डेटाबेस, अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारं कुबरनेटीस, यांचं अधिकृत डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती, तर कायमच फुकट होती, आणि बऱ्याचदा ती क्लासच्या नोट्सपेक्षा चांगली लिहिलेली असते. म्हणजे माहितीची टंचाई संपून दोन दशकं होत आली. तरीही कोर्स विकले जातात, महाग विकले जातात, आणि माहितीच्या नावाखालीच विकले जातात.

तर मग फी कशाची? माझं उत्तर असं आहे: आपण केलेलं काम उघडून बघणाऱ्या आणि ‘इथे चुकलं, अमुक कारणाने चुकलं, पुन्हा करून आण’ असं सांगणाऱ्या माणसाची. थोडी वेळापत्रकाचीही, कारण ठरलेल्या तारखेला काहीतरी जमा करायचं असलं की माणूस बसतो. बाकी सगळं सजावट आहे. म्हणून कोर्स निवडताना तपासायची मुख्य गोष्ट सिलॅबस नाही, तर दुरुस्तीची व्यवस्था.

वेळापत्रकाचा मुद्दा आधी संपवतो. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन कोर्सची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३.१३ टक्के होते. ज्यांनी पैसे भरून सर्टिफिकेटसाठी नोंदणी केली होती त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्के. यावरून ‘पैसे भरले की माणूस शिकतो’ असा निष्कर्ष काढणारे विक्रेते बरेच भेटतात. तो चुकीचा आहे. जो मुळातच ठाम असतो तोच पैसे भरतो. नुसतं बघायला आलेला भरत नाही. पण पैसे भरलेल्या, ठाम असलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त लोक वाटेत गळतात, हे त्याच आकड्यात दिसतं, आणि ते कोणत्याही जाहिरातीत येत नाही.

आता मुख्य मुद्दा. शिकवलं म्हणजे आलं, हे समीकरण संगणकाच्या क्षेत्रात फार पूर्वीच मोडलंय. २००१ मध्ये मॅक्रॅकन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरच्या धर्तीचे छोटे प्रोग्राम लिहायला दिले. या सगळ्यांचे सुरुवातीचे प्रोग्रामिंगचे कोर्स झालेले होते. सरासरी गुण आले ११० पैकी २२.८९. शिकवणारे नालायक होते असं नाही, विद्यार्थीही ढ नव्हते. २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने अनेक देशांत याच्या पुढचा प्रश्न विचारला: लिहिणं राहू दे, समोर ठेवलेला छोटा कोड चालवला तर शेवटी व्हेरिएबलची किंमत काय असेल, हे तरी सांगता येतं का? बऱ्याच जणांना तेही धड जमलं नाही. म्हणजे पायरी चुकली होती. वाचता येत नसलेल्यांना आपण निबंध लिहायला बसवत होतो, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वर्गात सगळे मान डोलावत होते.

मान डोलावण्याची ही गोष्ट जरा सविस्तर बघायला हवी, कारण कोर्स निवडताना आपली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर पारडं उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि या प्रयोगातली खरी मेख पुढे आहे. आपल्याला पुढे किती आठवेल, असं आधी विचारलं होतं तेव्हा चार वेळा वाचणारेच सर्वांत जास्त आत्मविश्वासाने बोलले होते.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना उत्तम, ओघवतं व्याख्यान दिलं. काहींना प्रश्न देऊन आपापसात झगडायला लावलं. झगडणारे प्रत्यक्षात जास्त शिकले. पण ‘तुम्ही किती शिकलात?’ या प्रश्नाला व्याख्यान ऐकणाऱ्यांनी जास्त गुण दिले.

याचा अर्थ सरळ आहे आणि कोर्स विकणाऱ्यांना तो अजिबात आवडणारा नाही. डेमो लेक्चर आणि पाच तारे हे दोन्ही चुकीच्या दिशेला बोट दाखवतात. ज्या व्हिडिओत सर एकही अडथळा न येता झरझर कोड लिहितात, सगळं पहिल्याच फटक्यात चालतं, शेवटी पडद्यावर सुंदर पान उमटतं, तो बघून आपल्याला समजल्यासारखं वाटतं आणि आपण तारे देऊन मोकळे होतो. ज्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात कोरा एडिटर समोर येतो, तासभर एरर सुटत नाही आणि जमा केलेलं काम लाल होऊन परत येतं, तिथे माणूस वैतागतो आणि तीन तारे देतो. रिव्ह्यू वाचून कोर्स निवडायचाच असेल तर कमी तारे देणाऱ्यांची तक्रार काय आहे ते वाचावं. ‘शिकवणाऱ्याला विषय येत नाही’ अशी तक्रार असेल तर दूर राहा. ‘असाइनमेंट फार कठीण आहेत, सगळं आयतं देत नाहीत’ अशी असेल तर तिथे थांबून चौकशी करण्यासारखं काहीतरी आहे.

अर्थात झगडणं म्हणजे नवख्याला विहिरीत ढकलणं नव्हे. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर दाखवून दिलं की अगदी नवीन विषयात सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणारे, स्वतः धडपडत सोडवणाऱ्यांपेक्षा लवकर पुढे जातात. कारण अनोळखी विषयात डोक्यावर आधीच एवढा भार असतो की धडपडीतून शिकायला जागाच उरत नाही. म्हणून चांगला कोर्स आधी पूर्ण सोडवलेलं देतो, मग अर्धवट सोडवलेलं, मग नुसता प्रश्न. हा उतार कोर्समध्ये आहे का, हे सिलॅबसमध्ये दिसत नाही. दोन लागोपाठच्या असाइनमेंट मागून बघितल्या की लगेच दिसतं. बऱ्याच कोर्समध्ये पहिली पायरीच शेवटपर्यंत चालते. सरांनी केलेला प्रोजेक्ट पाहून टाइप करायचा, रंग आणि नाव बदलायचं, आणि रेझ्युमेत ‘माझा प्रोजेक्ट’ म्हणून लिहायचं. तोच प्रोजेक्ट आणखी हजारोंच्या रेझ्युमेत असतो, हे मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

अभ्यासाची पद्धत कोर्सच्या आधी ठरवावी असं मी म्हणतो ते यासाठी. व्हिडिओ बघून झाला की तो बंद करून तीच गोष्ट कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा करायची. दुसऱ्या दिवशी परत, आणि आठवड्याने आणखी एकदा. कोड चालवण्याआधी उत्तर काय येईल ते कागदावर लिहायचं, मग चालवायचं, आणि दोन्ही जुळले नाहीत तर तिथेच थांबायचं. एसक्यूएल शिकत असाल तर ‘नल’ (म्हणजे रिकाम्या नोंदी) असलेल्या दोन टेबलांवर जॉइन लावल्यावर, म्हणजे ती जोडल्यावर, किती ओळी येतील याचा अंदाज आधी करून बघा. बहुतेक वेळा तो चुकतो, आणि त्या एका चुकीतून जे समजतं ते तीन लेक्चरमधून समजत नाही. लिनक्स शिकत असाल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा खोटा संगणक, मुद्दाम बिघडवा. डिस्क भरून टाका, फाइलच्या परवानग्या उलट्यापालट्या करा, डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची) नोंद उडवा, आणि मग नोट्स न बघता ती मशीन परत उभी करा. बॅकअप घ्यायला सगळेच शिकवतात. घेतलेल्या बॅकअपमधून डेटा परत आणून दाखवायला लावणारे कोर्स फार थोडे. नोकरीत रात्री दोनला फोन येतो तो बॅकअप घेण्यासाठी येत नाही.

एरर मेसेज वाचणं हाही असाच एक उपेक्षित विषय. लाल अक्षरं दिसली की शिकणाऱ्याची नजर घसरते आणि तो थेट कॉपी-पेस्टकडे वळतो. वास्तविक त्या मेसेजमध्ये फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि बऱ्याचदा कारणही लिहिलेलं असतं. एरर कशी वाचावी यावर एक पूर्ण तास खर्च करणारा शिक्षक मला कुठे दिसला, तर मी त्याचा उरलेला सिलॅबस न वाचता त्याच्या बाजूने मत देईन.

इथे एआयचा विषय टाळता येत नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस आलं आणि दुरुस्ती करणारा माणूस कशाला हवा, यंत्र आहे की, असा युक्तिवाद सुरू झाला. तो अगदीच पोकळ नाही. मध्यरात्री अडकलेल्या माणसाला न कंटाळता समजावून सांगणारं काहीतरी मिळणं ही मोठी सोय आहे. पण तुर्कस्तानात शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर गणितात झालेला प्रयोग विसरू नये. साधं जीपीटी हाताशी असलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. पण नंतर ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्याहून १७ टक्के मागे पडली. याच प्रयोगात तिसरा गट होता, ज्याला उत्तर न देता फक्त इशारे देणारं जीपीटी मिळालं होतं. त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. तेव्हा प्रश्न साधनाचा नाही, क्रमाचा आहे. आधी स्वतः लिहिलं, मग ‘यात काय चुकलं?’ असं विचारलं, तर यंत्र तपासनीस होतं. आधी विचारलं, मग चिकटवलं, तर शिकतं कोण? कोर्सच्या नियमांत हा क्रम कुठे लिहिला आहे का, हे बघावं. ‘एआयला बंदी’ म्हणणारे आणि ‘एआयने सगळं करा’ म्हणणारे, दोघेही हा कटकटीचा भाग सोडून देतात.

विषय कोणता निवडावा यावर मी फार बोलणार नाही, कारण ते आवडीवर आणि कामाच्या संधीवर ठरतं. एवढंच म्हणतो की विषयांचं आयुष्य सारखं नसतं. संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, म्हणजे टीसीपी/आयपी, १९८३ पासून इंटरनेटच्या मुळाशी आहेत, टेबलांत माहिती ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० ची आहे, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात १९६९ ची. दुसरीकडे पायथन २ चा अधिकृत आधार २०२० च्या सुरुवातीला संपला, ब्राउझरमधल्या ॲनिमेशनसाठी वापरलं जाणारं फ्लॅश त्याच वर्षाच्या अखेरीस गेलं, अँग्युलरजेएस हे वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा) २०२१ संपताना. ज्यांनी फ्रेमवर्क पाठ केलं होतं ते पुन्हा पहिल्या पायरीवर आले. ज्यांना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय घडतं ते कळलं होतं त्यांनी काही आठवड्यांत नवीन उचललं. कोर्सच्या नावात एकाच साधनाची आवृत्ती असेल आणि खाली पायाभूत गोष्टी दोन तासांत उरकल्या असतील, तर तो कोर्स माल खपेपर्यंतच उपयोगाचा.

सर्टिफिकेटबद्दल टोकाची मतं ऐकू येतात. मी मध्ये आहे. शेकडो अर्जांतून वीस निवडणाऱ्या माणसाला काहीतरी चाळणी लागते आणि सर्टिफिकेट ती पुरवतं, हे नाकारून उपयोग नाही. पण परीक्षा-परीक्षांत फरक असतो. लिनक्सवर काम करणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. कुबरनेटीसची सीकेए ही परीक्षा दोन तास कमांड लाइनवर चालते. सुरक्षा क्षेत्रातल्या ओएससीपीची प्रत्यक्ष परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, आणि वर अहवाल लिहायला आणखी एक दिवस. या परीक्षा डंप्स, म्हणजे फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, पाठ करून सुटत नाहीत. बहुपर्यायी परीक्षांभोवती मात्र डंप्सचा बाजार कायम असतो, आणि नव्वदच्या दशकापासून नेटवर्किंगच्या क्षेत्रात ‘पेपर एमसीएसई’ (एमसीएसई हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट) हा शब्द शिवीसारखा वापरला गेला तो उगाच नाही. सर्टिफिकेट हातात, आणि सर्व्हर समोर आला की हात थरथरतात. शिवाय बऱ्याच सर्टिफिकेटना मुदत असते. सिस्कोचं नेटवर्किंगचं सीसीएनए तीन वर्षांत संपतं. मायक्रोसॉफ्टने तर एमसीएसई हा सगळा प्रकारच जानेवारी २०२१ मध्ये बंद केला. सर्टिफिकेट घ्यायचंच तर करून दाखवायला लावणारं घ्या, आणि शिकण्याच्या शेवटी घ्या. तेच ध्येय मानून सुरुवात केली की अभ्यास आपोआप प्रश्नसंचाच्या मापाचा होतो.

आणि आता तो आकडा, जो बघून बहुतेक घरांत निर्णय होतो: ‘इतके टक्के प्लेसमेंट’. टक्का काढायला वर काय आणि खाली काय, हे दोन्ही लागतं. जाहिरातीत फक्त उत्तर असतं. खाली किती जण धरले? प्रवेश घेतलेले सगळे, की कोर्स पूर्ण केलेले, की ‘नोकरीसाठी पात्र’ असं संस्थेनेच ठरवलेले? कंटाळून सोडून गेलेले त्यात आहेत का? वर धरलेली नोकरी आयटीची आहे की कोणतीही? तीन महिन्यांचं काम मोजलं का? संस्थेनेच आपल्या माजी विद्यार्थ्याला असाइनमेंट तपासायच्या कामावर ठेवलं, तर तोही ‘प्लेस’ झाला का?

हे प्रश्न संशयखोर वाटत असतील तर अमेरिकेतल्या ब्लूमटेक या ऑनलाइन कोडिंग संस्थेचं प्रकरण आठवावं, जी आधी लॅम्ब्डा स्कूल या नावाने गाजली. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली. जाहिरातीत नोकरी लागण्याचं प्रमाण ७१ ते ८६ टक्के सांगितलं जात होतं. गुंतवणूकदारांना दिलेल्या आकड्यांत ते ५० टक्क्यांच्या जवळ होतं आणि काही वेळा ३० पर्यंत घसरलेलं होतं. तिथल्या ‘नोकरी लागल्यावर पगारातून फी द्या’ या कराराला कर्ज म्हणायला संस्था तयार नव्हती. यंत्रणेने ते कर्जच असल्याचं स्पष्ट केलं. एकाच संस्थेने विद्यार्थ्याला एक आकडा आणि गुंतवणूकदाराला दुसरा सांगावा, यातच सगळं आलं. गुंतवणूकदाराला खोटं सांगितलं तर परिणाम भोगावे लागतात म्हणून त्याला खरा आकडा मिळाला. विद्यार्थ्याला खोटं सांगितल्याचा परिणाम बहुतेक वेळा काहीच नसतो.

म्हणून ‘नीट चौकशी करून प्रवेश घ्या’ एवढ्यावर हा विषय सोडणं मला पटत नाही. वीस वर्षांचा मुलगा किंवा नोकरी गेलेली चाळिशीतली बाई किती चौकशी करणार? जी संस्था प्लेसमेंटचा टक्का जाहिरातीत छापते तिने प्रवेश किती, पूर्ण किती, सहा महिन्यांत त्या क्षेत्रात नोकरी किती आणि मोजणीतून वगळलेले किती, हे चार आकडे त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले पाहिजेत, आणि ते बाहेरच्या माणसाने तपासलेले असले पाहिजेत. नसतील तर टक्का छापायला मनाई. यात कोणाचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. आकडा न सांगता कोर्स विकायला सगळे मोकळे आहेत.

दुरुस्तीबाबतही असंच उघडं धोरण हवं. प्रवेशाआधी संस्थेने एक खरी, तपासलेली असाइनमेंट, विद्यार्थ्याचं नाव झाकून, दाखवावी. शेऱ्यात काय लिहिलंय ते बघा. ‘गुड, कीप इट अप’ असेल तर ते तपासणं नव्हे, हजेरी घेणं आहे. ‘ही क्वेरी चालते, पण टेबल मोठं झालं की थांबेल, इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) कुठे लागेल ते शोध आणि पुन्हा पाठव’ असं असेल तर तिथे कोणीतरी बसून वाचतंय. तपासणाऱ्या एका माणसामागे विद्यार्थी किती, काम परत यायला दिवस किती आणि सुधारून पुन्हा देता येतं का, एवढं कळलं की दोन कोर्समधला फरक समजायला आणखी काही लागत नाही.

यावर संस्थाचालकांचा आक्षेप ठरलेला आहे: तपासायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो, फी वाढेल. खरं आहे. व्हिडिओ एकदा केला की लाखांना विकता येतो, शेरा मात्र प्रत्येकाला वेगळा लिहावा लागतो. पण मग निम्मे व्हिडिओ काढून टाका. तसेही ते फुकट सापडतात. आपोआप चालणाऱ्या टेस्टने ढोबळ चुका पकडता येतात. त्या कोड बरोबर आहे का ते सांगतात, बरा आहे का ते सांगत नाहीत, तेवढ्यापुरताच माणूस ठेवा. विद्यार्थ्यांनी एकमेकांचा कोड वाचावा, असं बसवता येतं. तेवढंही परवडत नसेल तर जे विकता त्याला व्हिडिओंचा संच म्हणा, प्रशिक्षण म्हणू नका, आणि किंमत त्या हिशेबाने लावा.

ज्याला आधीपासून काम येतं आणि फक्त नवीन साधन शिकायचंय, त्याला यातलं काहीच लागत नाही. डॉक्युमेंटेशन आणि एक मोकळा शनिवार पुरतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत पॅच (कोडमधली सुधारणा) पाठवणाऱ्यांना तर जगातले उत्तम लोक फुकट दुरुस्त करून देतात, फक्त तिथली भाषा जरा फटकळ असते. अडचण आहे ती पहिल्यांदा या दारात उभं राहणाऱ्याची. त्याच्यासाठी फी परत मागण्याची मुदत पहिल्या लेक्चरनंतर किंवा सातव्या दिवशी संपता कामा नये. पहिली तपासलेली असाइनमेंट त्याच्या हातात पडेपर्यंत ती चालू राहिली पाहिजे.